एकाच कुटुंबात तीन रंग: गिबनची उपप्रजाती केसांवरून ओळखताना कुठे फसगत होते?

आसाममध्ये जोरहाटजवळ होल्लोंगापार गिबन अभयारण्य आहे. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचं जंगल, भोवती चहाचे मळे आणि मधून गेलेला रेल्वेचा रूळ. इथल्या उंच झाडांवर सकाळी एखादं गिबन कुटुंब दिसलं, तर पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास गोंधळतो. एक प्राणी काळाकुळकुळीत, त्याच्या कपाळावर पांढऱ्या भुवया. दुसरा सोनेरी-तपकिरी. त्या दुसऱ्याच्या पोटाला बिलगलेलं पिल्लू दुधासारखं फिकट. आणि शेजारच्या फांदीवर लोंबकळणारं थोडं मोठं पोर पुन्हा काळं.

कुणालाही वाटेल की इथे दोन-तीन वेगळ्या जातींचे प्राणी एकत्र आलेत. प्रत्यक्षात हे एकच कुटुंब असतं. काळा तो बाप, सोनेरी ती आई आणि बाकीची त्यांची पोरं.

गिबनची उपप्रजाती रंगावरून ओळखायची म्हटलं की अडचण इथूनच सुरू होते. रंग उपयोगाचा नक्की आहे. गेली दीडशे-दोनशे वर्षं शास्त्रज्ञांनी गिबनचे प्रकार मुख्यतः केसांच्या रंगावरूनच पाडले. पण तो रंग कुठल्या क्रमाने वाचायचा हे कळलं नाही, तर माणूस सरळ चुकीच्या उत्तरावर जातो. आणि या चुकीची किंमत प्राण्याला मोजावी लागते. ती कशी, हे पुढे येईलच.

आधी ओळख करून घेऊ

गिबन म्हणजे माकड नव्हे. त्याला शेपूट नसते. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या घराण्यातला, पण अंगाने लहान असा हा वानर. लांबच लांब हातांनी फांदीवरून फांदीवर झोके घेत जातो, जमिनीवर सहसा उतरत नाही आणि पाण्यात पोहत नाही. जोडीजोडीने राहतो आणि सकाळी सकाळी सगळं रान दणाणून सोडेल असं गातो. भारतात सापडणारा असा बिनशेपटीचा वानर हा एकच, हुलॉक गिबन. आसामीत त्याला 'हलौ बान्दर' म्हणतात.

जगात गिबनच्या साधारण २० प्रजाती मानल्या जातात. त्या सगळ्या आशियात आहेत: ईशान्य भारत, बांगलादेश, म्यानमार, दक्षिण चीन, थायलंड, लाओस, व्हिएतनाम, कंबोडिया, मलेशिया आणि इंडोनेशिया. त्यांचे चार मोठे गट पडतात. हे गट एकमेकांपासून किती लांब आहेत ते गुणसूत्रांवरून कळतं. हुलॉक गटात ३८ गुणसूत्रं, पांढऱ्या हातांच्या लार गिबनच्या गटात ४४, सियामांग गिबनमध्ये ५० आणि शेंडीवाल्या गिबनमध्ये ५२. म्हणजे काळा हुलॉक नर आणि काळा सियामांग रंगाने सारखे दिसले, तरी आतून खूप वेगळे. नुसता 'काळा' हा शब्द आपल्याला फारसं काही सांगत नाही.

पहिला प्रश्न: वय काय, नर की मादी?

हुलॉकचं पिल्लू जन्मतः फिकट, पांढुरकं असतं. वर्ष-दोन वर्षांत ते काळं होतं, मग नर असो वा मादी. नर पुढे काळाच राहतो. मादी मात्र वयात येताना, साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास, पुन्हा रंग बदलते आणि सोनेरी-तपकिरी होते. हा बदल एका रात्रीत होत नाही. मधल्या काळात तिच्या अंगावर काळे आणि तपकिरी असे ठिगळासारखे पट्टे दिसतात. अशी मादी पाहून 'ही कुठली नवी उपप्रजाती' असं कुणी म्हटलं, तर त्याला हसू नये. पण ती नवी उपप्रजाती नसते, वयात येणारी पोर असते.

चीन, लाओस, व्हिएतनामकडच्या शेंडीवाल्या गिबनमध्येही हीच रीत आहे. पिल्लू फिकट, मग काळं, आणि मादी मोठेपणी पिवळसर. थायलंड-कंबोडियातल्या टोपीवाल्या गिबनमध्ये नर काळा होतो. मादी रुपेरी-करडी राहते, पण तिच्या डोक्यावर आणि छातीवर काळा डाग येतो.

म्हणून पहिला नियम असा की वय आणि लिंग ठरल्याशिवाय रंगाला अर्थ नाही. तुलना करायची तर प्रौढ नराची प्रौढ नराशी आणि प्रौढ मादीची प्रौढ मादीशी.

दुसरा प्रश्न: हा रंग घराण्याचा की एकट्याचा?

आता लार गिबन घ्या. थायलंड, मलेशिया आणि उत्तर सुमात्रातला हा प्राणी. याच्यात वर सांगितलेला नियम चालतच नाही. इथे नर काळाही असतो आणि फिकट पिवळाही. मादीचंही तसंच. एकाच आईबापांची दोन पोरं, एक गडद आणि एक फिकट, असं सहज घडतं. रंगाचा वयाशी आणि लिंगाशी संबंध नाही. आपल्याकडे एकाच घरात एक भाऊ गोरा आणि एक सावळा असतो, तसंच म्हणा ना.

मग लार ओळखायचा कशावरून? तर जे बदलत नाही त्यावरून. अंगाचा रंग कुठलाही असो, लारचे हात आणि पाय पांढरेच असतात आणि काळ्या चेहऱ्याभोवती पांढऱ्या केसांची चौकट असते. ही झाली प्रजातीची खूण.

लारच्या पाच उपप्रजाती सांगितल्या जातात, आणि त्यांची वर्णनं बरीचशी रंगछटांवर उभी आहेत. उत्तर थायलंडकडच्या 'कार्पेंटेरी'चे केस लांब, गडद रूप चॉकलेटी-तपकिरी आणि फिकट रूप मलईसारखं पांढरट. त्याच्या दक्षिणेला, म्यानमार-थायलंडच्या चिंचोळ्या पट्टीतल्या 'एंटेलॉइडिस'चं गडद रूप काळं आणि फिकट रूप मधासारखं. मलेशियातल्या 'लार' उपप्रजातीत गडद तपकिरी ते मलई-बदामी छटा. सुमात्रातल्या 'व्हेस्टिटस'मध्ये खरा काळा रंग दिसत नाही, सगळा मामला तपकिरी-बदामी. पाचवी चीनच्या युन्नानमधली. तिच्यासाठी तिथली जंगलं धुंडाळली, तेव्हा ती सापडली नाही. ती आता उरलेली नाही असंच मानलं जातं.

या वर्णनांत एक गोष्ट लक्षात घ्या. एका उपप्रजातीचा 'एक रंग' असा नाहीच. आहे ती रंगांची जोडी. त्यामुळे एकटा प्राणी पाहून 'हा मधाच्या रंगाचा आहे, म्हणजे एंटेलॉइडिस' असं छातीठोक सांगता येत नाही. एका भागातले बरेच प्राणी पाहिले की मगच तिथल्या छटांचा कल कळतो.

तिसरा प्रश्न: बारकावे काय सांगतात?

अंगाचा मोठा रंग बाजूला ठेवून भुवया, गाल, हनुवटी, हात-पाय आणि नराच्या जननेंद्रियाजवळचा केसांचा झुपका पाहिला, तर खरी माहिती मिळते. हुलॉकचं उदाहरण आपल्या देशातलं, तेच नीट पाहू.

हुलॉकचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३४ साली झालं, मेघालयातल्या गारो टेकड्यांकडच्या प्राण्यावरून. पुढे १९६७ साली कॉलिन ग्रोव्हज या प्राणीशास्त्रज्ञाने सांगितलं की म्यानमारमध्ये चिंदविन नदीच्या पूर्वेकडचे हुलॉक वेगळे दिसतात. त्यांना त्याने 'ल्युकोनेडिस' अशी उपप्रजाती म्हणून नाव दिलं. फरक असे:

पश्चिमेकडच्या नराच्या पांढऱ्या भुवया एकमेकींच्या जवळ, कधी तर जवळजवळ जुळलेल्या. पूर्वेकडच्या नराच्या भुवयांमध्ये स्पष्ट अंतर.

पश्चिमेकडच्या नराचा जननेंद्रियाजवळचा झुपका काळा किंवा किंचित करडा. पूर्वेकडच्याचा पांढरा-रुपेरी.

पूर्वेकडच्या मादीचे हात-पाय अंगापेक्षा फिकट. पश्चिमेकडच्या मादीत हा फरक तसा उठून दिसत नाही.

२००५ साली या दोन उपप्रजातींना दोन स्वतंत्र प्रजाती म्हणायला सुरुवात झाली. त्यानंतर २०१७ साली चीन-म्यानमार सीमेवरच्या डोंगरांतून तिसरी प्रजाती जाहीर झाली, 'तियानशिंग', म्हणजेच स्कायवॉकर हुलॉक. तिच्या नराच्या भुवया बारीक, हनुवटीखाली पांढरी दाढी नाही आणि झुपका पूर्वेकडच्यासारखा पांढरा नाही. पण नुसत्या केसांवर भागलं नाही. दात आणि जनुकं तपासल्यावरच ही प्रजाती वेगळी ठरली.

शेंडीवाल्या गिबनमध्ये हेच काम गाल करतात. उत्तरेकडच्या पांढऱ्या गालाच्या नराचा पांढरा पट्टा थेट कानाच्या वरच्या टोकापर्यंत चढतो. दक्षिणेकडच्याचा पट्टा कानाच्या मध्यापर्यंतच, पण तोंडाच्या कडेने ओठाखाली उतरतो. आणखी दक्षिणेला गेलं की गाल पांढरे न राहता पिवळसर-बदामी होतात. नर असे ओळखू येतात. माद्या मात्र इतक्या सारख्या की रंगावर भिस्त ठेवून चालत नाही.

नदी म्हणजे सीमा, पण किती पक्की?

गिबनला पोहता येत नाही, म्हणून मोठी नदी ही त्याची सरहद्द. चिंदविनच्या अलीकडे एक हुलॉक, पलीकडे दुसरा. इरावतीच्या पलीकडे तिसरा. नकाशावर हे फार नेटकं दिसतं.

पण सीमाभागात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको की नकाशावरची रेघ आणि जमिनीवरचं जगणं नेहमी जुळत नाही. नदी उगमाकडे अरुंद होत जाते, झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडतात आणि प्राणी इकडचे तिकडे जातात. थायलंडच्या खाओ याई राष्ट्रीय उद्यानात लार आणि टोपीवाला गिबन यांच्या हद्दी अशाच एका नदीच्या उगमाजवळ भिडतात. तिथे दोघांची संकर पिलं आहेत आणि त्यांचा रंग मधलाच, धड ना इकडचा ना तिकडचा.

अशा वेळी आवाज कामाला येतो. गिबनचं गाणं शिकवून येत नाही, ते रक्तातून येतं. प्रत्येक प्रजातीची चाल वेगळी, आणि संकर प्राणी दोन्हींच्या मधलं काहीतरी गातो. म्हणून जंगलात काम करणारे अभ्यासक आधी ऐकतात आणि नंतर दुर्बीण लावतात.

हैदराबादच्या प्रयोगशाळेने काय दाखवलं?

आता आपल्या वाचकांच्या जवळचा भाग. २००६ साली अरुणाचलमधून बातमी आली की भारतातही पूर्वेकडचा हुलॉक आहे. आधार मुख्यतः दिसण्याचा. त्यानंतर अनेक पुस्तकांत आणि सरकारी कागदांत 'भारतात गिबनच्या दोन प्रजाती' असं छापलं गेलं. २०१३ साली अरुणाचलच्या लोअर दिबांग व्हॅलीतल्या हुलॉकला रंगातल्या फरकांवरून 'मिश्मीएन्सिस' ही पश्चिमी हुलॉकची वेगळी उपप्रजाती म्हटलं गेलं. म्हणजे एकाच मुलखातल्या प्राण्याला कुणी पूर्वेकडची प्रजाती म्हणत होतं, कुणी पश्चिमेकडच्याची उपप्रजाती.

हा वाद जनुकांनी तपासला तो हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने. पेशी आणि रेणूंवर काम करणाऱ्या या संस्थेची धोक्यातल्या प्राण्यांसाठी वेगळी प्रयोगशाळा आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या संशोधनात ईशान्येकडच्या हुलॉकचा डीएनए पाहिला गेला. ज्यांना पूर्वेकडचे म्हटलं जात होतं, ते जनुकांनी पश्चिमेकडचेच निघाले. दोन्ही प्रजातींची फारकत सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहे, एवढा जुना फरक डीएनएमध्ये लपून राहत नाही. निष्कर्ष सरळ होता: भारतात गिबनची प्रजाती एकच, पश्चिमी हुलॉक.

याचा अर्थ अरुणाचलमध्ये ज्यांनी रंगातला फरक पाहिला, त्यांचे डोळे खोटे होते का? नाही. फरक दिसतो तो दिसतोच. पण एकाच प्रजातीत रंग बराच मागेपुढे होऊ शकतो, आणि दिसणारा प्रत्येक फरक प्रजाती वेगळी करण्याइतका खोल नसतो, हे यातून कळलं.

एवढा कीस काढायचा कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर तीन ठिकाणी सापडतं.

पहिलं, प्राणी हलवताना. मागच्या दशकात अरुणाचलच्या डेलो गावाजवळ शेतांमधल्या तुटक झाडांवर अडकलेली हुलॉक कुटुंबं पकडून मेहाओ अभयारण्यात सोडली गेली. त्यांना तेव्हा पूर्वेकडचे हुलॉक म्हटलं जात होतं. अशा कामात हलवलेला प्राणी आणि नव्या जागेचा प्राणी एकाच घराण्याचे आहेत का, हे आधी माहीत असावं लागतं. नसेल तर आपणच संकर घडवून आणतो.

दुसरं, मोजदाद करताना. जागतिक यादीत पश्चिमी हुलॉक धोक्यात असलेला म्हणून नोंदला आहे, पूर्वेकडचा त्याहून एक पायरी कमी धोक्यात. भारतात दोन प्रजाती धरल्या, तर एकीच्या संख्येतून काही प्राणी दुसरीच्या खात्यावर जातात. हिशेबच चुकतो, आणि पैसा व लक्ष कुठे द्यायचं तेही चुकतं.

तिसरं, तस्करीत. गेल्या काही वर्षांत मुंबई विमानतळावर आणि ईशान्येकडे परदेशी गिबन पकडल्याच्या बातम्या वाचकांनी पाहिल्या असतील. बहुतेक वेळा बॅगेत सापडतं ते पिल्लू. आणि पिलाचा रंग सर्वात फसवा. जावा बेटावरचा रुपेरी गिबन लहानपणीही रुपेरी-करडाच असतो, पण हुलॉकचं किंवा शेंडीवाल्याचं फिकट पिल्लू पुढे काळं होणार असतं. नुसता फोटो पाहून 'हा अमुक देशातला' असं लिहून टाकलं आणि त्यावर त्याला परत पाठवायचं ठरलं, तर तो भलत्याच जंगलात पोचेल. म्हणून अशा पिलाचा रक्ताचा किंवा केसाचा नमुना तपासणं गरजेचं असतं. एक पिल्लू पकडण्यासाठी बहुतेक वेळा आईला मारलेलं असतं, हेही विसरू नये. सगळे गिबन आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी असलेल्या यादीत आहेत आणि हुलॉक आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत.

सराव घराजवळही करता येतो

गिबन पाहायला जोरहाटला जावं लागेल, पण डोळा तयार करायला आपली वानरं पुरेत. दक्षिणोत्तर भारतातलं करड्या रंगाचं, काळ्या तोंडाचं वानर आपण एकच समजतो. त्याची शेपूट बघा. वानर चालत असताना तापी-गोदावरीच्या उत्तरेला, म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर, वडोदऱ्याकडे, शेपूट पाठीवरून डोक्याच्या दिशेने वळलेली दिसते. दक्षिणेला, बेळगाव, गोवा, हैदराबादकडे, ती मागच्या बाजूला वळते. गोवा आणि कर्नाटकच्या सह्याद्रीत काळ्या हातापायांचं वानर दिसतं, त्याला शास्त्रज्ञ वेगळी प्रजाती मानतात. या वानरांच्या रंगावरूनही पूर्वी अनेक नावं पडली होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रंग, शेपूट आणि जनुकं एकत्र तपासली, तेव्हा त्यातली काही नावं टिकली आणि काही गळाली.

थोडक्यात, क्रम असा ठेवा

गिबनचा फोटो समोर आला की आधी जागा विचारा: कुठल्या देशात, नदीच्या कुठल्या काठाला? मग वय आणि लिंग. मग हा गट नर-मादीचा रंग वेगळा असणारा आहे की लारसारखा दोन्ही रंगांचा, ते पाहा. त्यानंतर भुवया, गाल, हनुवटी, हात-पाय आणि झुपका. फोटोतल्या उजेडाचा आणि ओल्या केसांचा भरवसा धरू नका. जुन्या संग्रहालयातल्या कातड्यांचाही नको, कारण त्यांचा रंग वर्षानुवर्षांत उडून तांबूस होतो. आवाज ऐकायला मिळाला तर फारच उत्तम. आणि प्राण्याला कुठे सोडायचं हे त्या उत्तरावर ठरणार असेल, तर शेवटचा शब्द डीएनएचा.

रंग पाहून अंदाज बांधावा, त्यात काही वावगं नाही. फक्त तो अंदाज आहे हे लक्षात असू द्यावं. होल्लोंगापारच्या झाडावरचं ते तीन रंगांचं कुटुंब आजही तेच सांगतंय.